तुम्ही नाचत का नाही?

वॉल्ट्झचा तिसरा नाच संपला, गायकाने माईक स्टँडला अडकवला आणि दोन पायऱ्या उतरून तो सरळ माझ्या टेबलाशी आला. कपाळावरचा घाम टिपत, जरा वाकून म्हणाला, "मादाम, मघापासून बघतोय. तुम्ही एकदाही उठला नाहीत. काय गाऊ, म्हणजे उठाल?" मी अगदी मनापासून म्हणाले, "मी ऐकतेय ना. तुम्ही फार छान गाताय." मला वाटलं, खूश होईल. पण त्याचा चेहरा उतरला. "मेर्सी" म्हणाला, टेबलावरचा रिकामा कप उगाचच थोडा बाजूला सरकवला आणि परत गेला. पुढची तीन गाणी त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आपलं काय चुकलं ते मला कळेना. गाणाऱ्याच्या समोर बसावं, चुळबुळ करू नये, मधे उठू नये, जागा आवडली तर मान हलवावी, एवढंच मला लहानपणापासून शिकवलं होतं. ते सगळं मी केलं होतं. शहाण्या श्रोत्यासारखी बसले होते, आणि त्या माणसाला वाटलं होतं की त्याचं गाणं माझ्यापर्यंत पोचतच नाहीये.

ही २०१८ च्या जानेवारीतली गोष्ट. नोकरीनिमित्त मी दोन वर्षं क्लेर्माँ-फेराँला होते. फ्रान्सच्या मध्यात ओव्हेर्न्य नावाचा डोंगराळ मुलूख आहे, त्यातलं हे गाव. जुन्या गावाचे दगड काळे, कॅथीड्रलसुद्धा काळंच. व्होल्व्हिकच्या खाणीतला ज्वालामुखीचा दगड तो. पावसात भिजला की आणखी काळा होतो. सह्याद्रीतल्या माणसाला परकं वाटू नये असा. खिडकीतून १४६५ मीटरचा पुई द दोम दिसायचा, हिवाळ्यात टोकावर बर्फ. मी वरच्या मजल्यावर, खाली घरमालकीणबाई एकट्या, वय ७८. मनातल्या मनात मी त्यांना आजी म्हणायचे, तोंडाने मादाम. दर रविवारी दुपारी त्या एका कापडी पिशवीत नाचाचे बूट घालून कुठेतरी जायच्या आणि संध्याकाळी गाल लाल करून परत यायच्या. एका रविवारी मला म्हणाल्या, "घरात बसून काय करणार? चला." त्याला ते दान्साँ म्हणतात, चहा आणि नाच. चहा फारसा कुणी पीत नाही.

गावाबाहेर पंधरा-वीस मिनिटांवर एका खेड्याचा समाजमंदिरासारखा हॉल. आत शिरल्याबरोबर फरशीच्या पॉलिशचा, कॉफीचा, ओल्या लोकरी कोटांचा आणि कोलनचा असा एक मिश्र वास आला. दाराशी बाकावर बसून सगळ्या बायका बूट बदलत होत्या. चिखलाचे जाड बूट पिशवीत, पिशवीतले पातळ, मऊ तळाचे बूट पायात. बूट बदलले की त्यांचं चालणंच बदलायचं, खांदे मागे जायचे. बायका जास्त, पुरुष कमी. त्यामुळे बायकाच बायकांबरोबर नाचत होत्या, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. एका टेबलावर पोंप ओ पॉम, म्हणजे तिथला सफरचंद भरून भाजलेला गोड पदार्थ, चौकोनी तुकडे करून ठेवलेला. व्यासपीठावर एक अकॉर्डिअनवाला, एक कीबोर्डवाला आणि तो गायक. साठीकडे झुकलेला, काळ्या शर्टावर बारीक चमक असलेला कोट. त्याच्यापुढे गाण्यांची जाडजूड वही, प्रत्येक पान प्लॅस्टिकच्या पाकिटात. त्या वहीचे कोपरे हात लागून लागून पांढुरके झाले होते.

मी त्याच्या अगदी समोरची खुर्ची निवडली होती.

खरं तर मी त्या हॉलमध्ये शिरले तीच एक गोष्ट डोक्यात घेऊन. नऊ-दहा वर्षांपूर्वी पुण्यात फ्रेंच शिकत असताना मी झाव्हिए जियानोलीचा २००६ चा सिनेमा पाहिला होता, 'काँ जेते शाँतर'. म्हणजे, मी गायक होतो तेव्हा. आमच्या बाईंनी त्या नावावरच अर्धा तास घेतला होता. 'जेते' हा काळ साध्या 'होतो'ने नीट उतरत नाही, मराठीत त्याच्या जवळ जाणारा रीतिभूतकाळच, असं त्या म्हणायच्या. गात असे, जात असे. एकदा घडून संपलेलं नव्हे, घडत राहिलेलं. सिनेमा क्लेर्माँ-फेराँतच घडतो, आणि तिथल्याच एका खऱ्या गायकावरून दिग्दर्शकाला तो सुचला. जेरार दपार्दियूने केलेला आलाँ मोरो पन्नाशी ओलांडलेला, केसांत सोनेरी बटा काढून घेतलेला. नाचाच्या हॉलमध्ये, नाइटक्लबात दुसऱ्यांची गाजलेली गाणी गातो. घटस्फोट झालेली बायकोच त्याचे कार्यक्रम ठरवते. घरी सोबतीला एक बकरी. एका रात्री मारियों नावाची तरुण मुलगी त्याच्या आयुष्यात येते आणि सकाळी निघून जाते. ती घरं विकणाऱ्या ऑफिसात कामाला, म्हणून हा घर घ्यायचंय असं सांगून तिच्याबरोबर रिकामी घरं बघत हिंडतो. मारियों झालेली सेसिल द फ्राँस फार संयमाने वावरते. तिचा लहान मुलगा तिच्यापाशी राहत नाही, हे तिच्या प्रत्येक हालचालीत आहे.

तेव्हा तो सिनेमा पाहून मला गलबलून आलं होतं. मी वहीत लिहिलं होतं, "हरलेल्या गायकाची गोष्ट." हा माणूस एवढं गातो आणि समोरचे लोक पितात, हसतात, एकमेकांच्या कानाशी लागतात, एक जण त्याच्याकडे धड बघत नाही, याचं मला वाईट वाटलं होतं. म्हणून त्या रविवारी मी ठरवून पुढे बसले. निदान एक जण तरी याचं गाणं नीट ऐकेल, असं मनात होतं. किती चांगल्या हेतूने मी त्या माणसाचा अपमान केला!

घरी परतताना गाडीत मी घरमालकीणबाईंना विचारलं. त्या गाडी चालवता चालवता म्हणाल्या, "तो बिचारा घाबरला असणार. बसलेला माणूस म्हणजे त्याच्या डोळ्यांसमोरचं भोक." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्याला टाळ्या नकोत. त्याला पाय हवेत."

ओव्हेर्न्यच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, कारण हा नाचाचा प्रकार जगाला त्यांनीच दिला. या डोंगरांत पोट भरेना, तेव्हा एकोणिसाव्या शतकात इथली माणसं पॅरिसला गेली. पाणी वाहिलं, कोळसा विकला, कोळशाच्या दुकानातच दारूचे पेले भरू लागली आणि रविवारी तिथेच आपली काब्रेत काढून नाचू लागली. काब्रेत म्हणजे बकरीच्या कातड्याची पिशवी लावलेलं सुषिरवाद्य. त्यालाच म्युझेत म्हणत, आणि त्यावरून त्या नाचाला बाल म्युझेत. पॅरिसच्या रू द लाप नावाच्या गल्लीत असे अड्डे दाटीने होते. पुढे इटालियन मजूर आले, त्यांनी अकॉर्डिअन आणलं. आधी दोघांत भांडणं, मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बुस्काटेल हा काब्रेतवाला आणि पेगुरी हा अकॉर्डिअनवाला एकत्र वाजवू लागले. हळूहळू काब्रेत मागे पडली, नाव तेवढं राहिलं. मला त्या हॉलमध्ये अकॉर्डिअनचा भाता उघडताना जो श्वास ऐकू आला, तो ओळखीचा होता. आमच्या पेटीचाच तो. पेटीही मूळची फ्रान्सचीच. देबँ नावाच्या पॅरिसच्या कारागिराने १८४० च्या सुमारास हार्मोनियम घडवलं, आणि तेच पायपेटी होऊन आमच्या संगीत नाटकांत आलं. एकाच जातीच्या धातूच्या पट्ट्या, एकच हवा. इकडे ती ऐकायला बसवते, तिकडे उठवते.

घरमालकीणबाईंनी मला एकदा त्यांच्या मावशीची गोष्ट सांगितली. १९४० पासून युद्ध संपेपर्यंत फ्रान्समध्ये जाहीर नाचावर बंदी होती. देश हरलाय, पोरं कैदेत आहेत, अशा वेळी नाच कसले, असं सरकारचं म्हणणं, आणि ते सरकार बसलं होतं विशी नावाच्या गावात, इथून तासाभरावर. तर ही मावशी, एकोणीस वर्षांची, शनिवारी रात्री सायकलवरून शेतातल्या कोठारात जायची. अकॉर्डिअन गवताच्या ढिगात लपवलेलं असायचं. दाराशी एक पोरगा पहाऱ्याला. वाजवणारा भाता अर्धाच उघडायचा, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये. पंधरा-वीस जणं लाकडी बूट काढून, मोज्यांवर, त्या अर्ध्या आवाजावर नाचायची. "कोण वाजवायचं?" मी विचारलं. बाईंनी खांदे उडवले. "मावशीला आठवत नसे. कोणाबरोबर नाचली ते मात्र सगळं पाठ होतं तिला."

मला माझा मामा आठवला. तो साताऱ्याकडच्या एका ऑर्केस्ट्रात मुकेशची गाणी गायचा. पांढरे बूट, पांढरी पँट, आणि बोर्डवर त्याच्या नावाआधी मुकेशचं नाव मोठ्या अक्षरांत. शाळेत मला त्याची लाज वाटायची. दुसऱ्याच्या आवाजात गाणारा मामा कसला मामा, असं. एका गणपतीत त्याचा कार्यक्रम बघायला आईबरोबर गेले होते. मंडपात माणसं उभ्याउभ्या भेळ खात होती, बायका साड्यांबद्दल बोलत होत्या, सतरंजीवर लहान पोरं एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपली होती. मामा डोळे मिटून गात होता. मला इतका राग आला त्या लोकांचा! घरी येताना मी रडकुंडीला येऊन म्हणाले, "मामा, कुणीच ऐकत नव्हतं रे." तो पांढरे बूट हातात घेऊन चालत होता, चिखल लागू नये म्हणून. म्हणाला, "पोरं झोपली की नाही? पोरं झोपली म्हणजे आवाज बरा लागला होता." मला वाटलं, माझी समजूत घालतोय. त्या वयात मला समजूत एवढीच कळायची.

महिनाभराने मी पुन्हा त्या हॉलमध्ये गेले. कार्यक्रम संपल्यावर गायक बाहेर गाडीत स्पीकर चढवत होता. एकटाच. अकॉर्डिअनवाला पाठदुखीचा, त्याला उचलायची बंदी. मी एका बाजूने स्पीकर धरला. त्या दिवशी मी माफी मागायचं ठरवून आले होते, पण त्याने विषयच काढू दिला नाही. डिकीच्या झाकणावर कागद ठेवून तो त्या दिवशी गायलेल्या गाण्यांची यादी लिहीत होता, सासेमसाठी. दुसऱ्याचं गाणं गायलं की त्याच्या कर्त्याचा वाटा सासेम ही संस्था गोळा करते. तिचाही जन्म १८५१ चा, आणि मुळाशी भांडणच. बुर्जे नावाच्या गीतकाराने पॅरिसच्या एका कॅफेत स्वतःचं गाणं वाजताना ऐकलं आणि म्हणाला, तुम्ही माझ्या गाण्याचे पैसे देत नाही, तर मी तुमच्या पेयाचे का देऊ? गायक हा किस्सा अभिमानाने सांगत होता, जणू तो बुर्जे याच्याच घरातला.

मग त्याने हिशेब सांगितला. तिथे कलाकारांना कामाच्या मधल्या रिकाम्या काळासाठी बेकारीभत्ता मिळतो, पण त्यासाठी १२ महिन्यांत ५०७ तास भरावे लागतात. एक कार्यक्रम १२ तासांचा धरतात. म्हणजे वर्षाला ४३ कार्यक्रम. "उन्हाळ्यात भरतात. फेब्रुवारी वाईट. बर्फ पडलं की म्हातारी माणसं घराबाहेर पडत नाहीत, हॉलवाले फोन करून रद्द करतात." डॅशबोर्डवर एक छोटी डायरी होती, त्यात पेन्सिलने उभ्या रेघा. त्या दिवशीची रेघ त्याने माझ्यासमोर ओढली. एकतिसावी. मला त्या क्षणी पहिल्या दिवशीचा त्याचा उतरलेला चेहरा आणखी नीट समजला. उठत नाही ते गिऱ्हाईक पुढच्या रविवारी येत नाही. आलं नाही तर हॉल बंद. त्याच्या त्या प्रश्नात मोठेपणाची हाव नव्हती, वर्षाच्या रेघा होत्या.

सिनेमाचं नाव ज्या गाण्यावरून घेतलंय ते मिशेल देल्पेशने १९७५ साली गायलं. तेव्हा तो २९ वर्षांचा होता, गाणी गाजत होती. गाण्यात मात्र तो ७३ वर्षांचा झालाय, संधिवाताने बेजार आहे आणि सेसिल नावाच्या कुणाला तरी आपल्या गाण्याच्या दिवसांबद्दल सांगतोय. (मारियोंचं काम करणारीचं नावही सेसिल, हे मला फार उशिरा लक्षात आलं.) आमच्या हॉलमध्ये हे गाणं शेवटच्या टप्प्यात यायचं. त्या ७३ च्या ओळीला नाचता नाचताच काही बायका एक हात वर करायच्या, ज्यांचं ७३ उलटलंय त्या. आमच्या घरमालकीणबाई तर दोन्ही हात वर करायच्या आणि त्यांची जोडीदारीण कोलमडायची. देल्पेश स्वतः मधली कितीतरी वर्षं नैराश्यात गेला, सावरला, पुन्हा उभा राहिला. मग घशाच्या कर्करोगाने त्याचा आवाज नेला आणि २ जानेवारी २०१६ रोजी तो वारला. ६९ वर्षांचा होता. गाण्यातल्या वयापर्यंत तो पोचलाच नाही. ते वय त्या हॉलमधल्या बायका दर रविवारी त्याच्या वतीने पूर्ण करत होत्या.

गेल्या वर्षी मी सिनेमा पुन्हा पाहिला, आणि या वेळी बघणं सोपं नव्हतं. मे २०२५ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने दपार्दियूला दोन स्त्रियांवरच्या लैंगिक अत्याचाराबद्दल दोषी ठरवून १८ महिन्यांची स्थगित शिक्षा दिली, त्याने अपील केलं. हे माहीत असताना त्याचा तो मऊ आवाज, तरुण मुलीमागे घुटमळणं, आधीसारखं कसं बघणार? काही ठिकाणी मी नजर दुसरीकडे वळवली. पण मग मी पडद्याकडे न बघता नुसता ऐकला तो सिनेमा, आणि तेव्हा कळलं की त्याला सेझार, म्हणजे फ्रेंच सिनेमाचं पारितोषिक, मिळालं ते ध्वनीचं का. गाणं दपार्दियू स्वतःच गायलाय. आवाज थकलेला, जपून वापरलेला, कुठेही मोठा न होणारा. त्याच्याभोवती खोलीचा आवाज आहे, आणि ती खोली गाण्याच्या आड येत नाही. ती गाण्यातच आहे. पुण्यात लॅपटॉपसमोर बसून मी जिला हार म्हणत होते, ती त्या माणसाची कारागिरी होती. हे मी त्या नटाला देऊ शकत नाही, देणार नाही. क्लेर्माँच्या ज्या गायकांकडून ते आलं, त्यांना देते.

परत यायच्या आधीचा शेवटचा रविवार. बाईंनी मला त्यांचे जुने बूट दिले, एक नंबर मोठे, टाचेत कापूस घालून. वॉल्ट्झ सुरू झाला तशा त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मी पुरुष. तुम्ही फक्त मागे या." त्यांचा कोरडा, हलका हात माझ्या पाठीवर होता. पहिल्या दोन फेऱ्यांत मी त्यांच्या पायावर तीनदा पाय दिला. "खाली बघू नका," त्या म्हणाल्या, "माझ्या कानाकडे बघा." मी त्यांच्या कानाकडे बघितलं. लहानसं मोत्याचं डूल, भोक वयाने लांबलेलं. मग फरशी पायाखालून स्वतःच फिरू लागली, कॉफीचं टेबल गेलं, दार गेलं, कोट टांगलेली भिंत गेली, पुन्हा टेबल आलं. कुणाचं तरी कोपर लागलं, कुणीतरी हसलं. व्यासपीठ माझ्या पाठीशी होतं.

संपलं तेव्हा दोघी धापा टाकत होतो. मी वळून वर बघितलं. गायक वहीचं पुढचं पान शोधत होता, अंगठा ओला करून, प्लॅस्टिकची पाकिटं एकमेकांना चिकटलेली. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

ते गाणं कोणतं होतं, मला आठवत नाही.